पॅसेज कळला होता, प्रश्न कळला नव्हता: एलसॅटच्या रीडिंग सेक्शनचं एक प्रकरण

भाची एलसॅटची, म्हणजे अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या प्रवेशपरीक्षेची, तयारी करत होती. तिचा पहिला फोन आला तेव्हा ती रडवेली झाली होती. "मावशी, मला पॅसेज कळतो गं, सगळा कळतो, तरी २७ प्रश्नांमधले ९-१० चुकतात, आणि बरोबर उत्तर बघितलं की वाटतं अगं हे तर मला माहीत होतं." हे वाक्य मी तेव्हाच वहीत लिहून ठेवलं, कारण अख्खं दुखणं त्यातच होतं. पॅसेज कळतो आणि उत्तर चुकतं, म्हणजे गडबड या दोघांच्या मधे कुठेतरी आहे, आणि मधे असतो तो फक्त प्रश्न. पण हे आम्हा दोघींना नीट उमगायला चांगले तीन आठवडे गेले. हे प्रकरण सविस्तर लिहितेय कारण अशी बरीच मुलं मी बघितलीत, मेहनती, भरपूर वाचणारी, आणि वाचनाच्याच सेक्शनमध्ये मार खाणारी.

आधी थोडी पार्श्वभूमी. भाची अमेरिकेत बायॉलॉजी करत होती, तिसऱ्या वर्षाला, आणि लॉ स्कूलला जायचं नक्की केलं होतं. तिथल्या लॉ स्कूलसाठी साधारणपणे एलसॅट द्यावी लागते, १९४८ पासून चालत आलेली परीक्षा, स्कोअर १२० ते १८० मध्ये येतो. मी दिली तेव्हा कागद-पेन्सिलीवर होती आणि त्यात लॉजिक गेम्सचा, म्हणजे अटींवरून मांडणी जुळवायच्या कोड्यांचा, एक सेक्शन असायचा, आता सगळी स्क्रीनवर आहे आणि २०२४ च्या ऑगस्टपासून गेम्स काढून टाकलेत. आता मोजले जाणारे तीन सेक्शन, दोन लॉजिकल रीझनिंगचे (छोट्या युक्तिवादांवरचे प्रश्न) आणि एक रीडिंग कॉम्प्रिहेन्शनचा, शिवाय एक चौथा जो मोजत नाहीत, पण तो कोणता हे देताना कळत नाही. म्हणजे मार्कांच्या हिशोबात रीडिंग आता साधारण एक तृतीयांश आहे, पूर्वी चारात एक होतं. "रीडिंग काय, होऊन जाईल" असं म्हणून सोडून देण्याचे दिवस गेले.

रीडिंगचा सेक्शन ३५ मिनिटांचा, चार पॅसेज, त्यातला एक जोडपॅसेज, म्हणजे दोन छोटे उतारे शेजारी शेजारी ठेवून त्यांच्यातल्या नात्यावर प्रश्न, हा प्रकार २००७ च्या जूनपासून आहे. एका पॅसेजला सरासरी पावणेनऊ मिनिटं मिळतात. विषय चार गोटांतून येतात, कायदा, विज्ञान, समाजशास्त्रं आणि कला-साहित्य, आणि बाहेरचं ज्ञान लागत नाही, जे लागतं ते सगळं उताऱ्यातच असतं. हे शेवटचं वाक्य सगळे वाचतात आणि सगळे विसरतात, भाचीसकट.

तिने मला एक एक्सेल शीट पाठवली. फार मनापासून केलेली होती, प्रत्येक चुकीची नोंद, कोणत्या टेस्टमधला पॅसेज, विषय काय, किती वेळ लागला. आणि निष्कर्ष काढला होता की "माझं कला-साहित्य कच्चं आहे, विज्ञान बरं आहे." म्हणून महिनाभर ती चित्रकलेवरचे, कवितेवरचे लेख वाचत बसली होती. मी शीट उघडली आणि मोजायला लागले तर विज्ञानाच्या पॅसेजमध्येही चुका जवळपास तितक्याच होत्या, फक्त त्या तिला आठवत नव्हत्या, कारण विज्ञानाचा पॅसेज वाचताना तिला छान वाटायचं. छान वाटलं म्हणून बरोबर आलं असं नसतं.

मग मी तिला म्हटलं, शीटमध्ये एक नवा कॉलम घाल आणि त्यात फक्त प्रश्नाचं वाक्य लिही, ऑप्शन नको, पॅसेज नको. ती म्हणाली मावशी त्यात काय असतं, सगळे सारखेच असतात, विच वन ऑफ द फॉलोइंग. तेच तर. सगळे सारखेच वाटत होते, म्हणूनच चुकत होते.

तीस-एक चुकांचे स्टेम, म्हणजे प्रश्नांची नुसती वाक्यं, एकाखाली एक आले आणि मी तिला एकेक वाचून विचारलं की हा प्रश्न तुझ्याकडे काय मागतोय, तुझ्या शब्दांत सांग, मराठीत सांगितलंस तरी चालेल. पहिल्या दहांपैकी सहा तिला नीट सांगता आले नाहीत. "ऑथर हे मेन्शन का करतो" याचं तिने सांगितलं "लेखक इथे काय म्हणतो ते विचारलंय." दुसऱ्यांदा विचारलं तरी तेच. म्हटलं थांब, इथेच थांब.

इथून पुढे आम्ही खऱ्या टेस्ट बाजूला ठेवल्या (त्या मोजक्या असतात, वाया घालवायच्या नाहीत) आणि मी स्वतः एक छोटा उतारा लिहिला, मुद्दाम तिच्या आवडीच्या विषयावर. तो इथे मराठीत देते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

"लायकेन, म्हणजे दगडफूल, ही एकच वनस्पती आहे असं दीर्घकाळ मानलं जाई. १८६० च्या दशकाच्या अखेरीस स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ झिमोन श्वेंडेनर यांनी मांडलं की हा एक जीव नव्हेच, ही बुरशी आणि शैवाल यांची जोडी आहे, आणि त्यांनी बुरशीला मालकाची, शैवालाला गुलामाची उपमा दिली. त्या काळच्या नामवंत लायकेनतज्ज्ञांनी ही कल्पना धुडकावली. पुढे मात्र जोडीची कल्पना पाठ्यपुस्तकांत स्थिरावली. २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवलं की अनेक लायकेनच्या बाहेरच्या थरात यीस्टच्या रूपातली आणखी एक बुरशी राहते. यावरून श्वेंडेनर चुकले असं म्हणण्याची घाई करू नये. त्यांनी मोडून काढला तो 'एक' हा समज, 'दोन' हा आकडा त्यांच्या साधनांना दिसला तेवढा होता."

सात वाक्यं. भाचीने एका दमात वाचला आणि म्हणाली कळला, आणि खरंच कळला होता, तिने मला उलट सहजीवनाबद्दल दहा मिनिटं समजावून सांगितलं. मग मी प्रश्न टाकले.

पहिला, उताऱ्याचा मुख्य मुद्दा कोणता. तिने निवडलं "लायकेन हे दोनपेक्षा जास्त जीवांचं मिळून बनलेलं असू शकतं." खरं आहे का, तर आहे. उताऱ्यात आहे का, तर आहे. मुख्य मुद्दा आहे का, तर नाही, लेखक ते सांगायला बसलेलाच नाही, तो बसलाय श्वेंडेनरची बाजू घ्यायला, "नव्या शोधामुळे त्यांच्या मांडणीचा गाभा ढासळत नाही" हे सांगायला. २०१६ चा शोध हा प्रसंग आहे, मुद्दा शेवटच्या दोन वाक्यांत आहे. तिला सगळ्यात नवीन आणि सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलेलं वाक्य तिने मुख्य मुद्दा म्हणून उचललं, ही सवय फार जणांना असते.

दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा. तज्ज्ञांच्या विरोधाबद्दल मी दोन वेगवेगळे स्टेम दिले. एक, "उताऱ्यानुसार नामवंत तज्ज्ञांनी श्वेंडेनरच्या कल्पनेचं काय केलं?" दोन, "लेखक नामवंत तज्ज्ञांच्या विरोधाचा उल्लेख प्रामुख्याने कशासाठी करतो?" वस्तू तीच, वाक्य तेच, आणि तिने दोन्हीला एकच उत्तर दिलं, "त्यांनी ती नाकारली." पहिल्याला बरोबर. दुसऱ्याला चूक, कारण दुसरा विचारतोय हे वाक्य इथे आणून ठेवलंय ते कशाला, आणि त्याचं उत्तर त्या वाक्यात नसतंच, ते आजूबाजूला असतं. तज्ज्ञांनी धुडकावलं हे सांगितलंय ते 'एक' हा समज किती घट्ट रुतलेला होता हे दाखवायला, म्हणजे तो मोडणं हे किती मोठं काम होतं, म्हणजे शेवटच्या वाक्याला जोर येतो. मी हे समजावल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे एकात काय आहे, आणि एकात का आहे."

काय आणि का. हे तिचे शब्द, मी फक्त वहीत लिहून घेतले. त्या रात्री तिने जुन्या तीस चुका परत काढल्या आणि अकरा चुका निव्वळ याच जातीच्या निघाल्या, प्रश्न 'का' विचारत होता आणि तिने 'काय' चं उत्तर दिलं होतं. पेपर काढणाऱ्यांना ही चूक नीट माहीत असते, त्यामुळे 'का' च्या प्रश्नात एक ऑप्शन हमखास असा असतो की जो उताऱ्यातलं वाक्य जवळपास त्याच शब्दांत परत सांगतो, आणि ज्याने पॅसेज नीट वाचलाय त्यालाच तो सगळ्यात ओळखीचा वाटतो. चांगलं वाचणारा तिथे जास्त फसतो हे मला फार बोचतं, कारण त्या मुलांना मग वाटायला लागतं की आपल्याला वाचताच येत नाही.

तिसरा प्रश्न होता, "लेखक खालीलपैकी कशाशी सहमत होण्याची शक्यता सर्वांत जास्त?" इथे तिने घेतलं "यीस्टशिवाय लायकेन तयार होऊ शकत नाही." मी विचारलं हे कुठून आणलंस. तर तिने कॉलेजात यावर काहीतरी वाचलं होतं आणि ते डोक्यात होतं. उताऱ्यात फक्त 'राहते' एवढंच आहे, ती बुरशी काय करते, लागतेच का, यावर एक अक्षर नाही. बरोबर ऑप्शन अगदी मिळमिळीत होता, "एखादी शास्त्रीय मांडणी तपशिलात अपुरी ठरली तरी तिचं योगदान टिकू शकतं." अनुमानाच्या प्रश्नांत बरोबर उत्तर बहुतेक वेळा असंच मवाळ असतं, कारण त्याला उताऱ्यातून आधार द्यावा लागतो आणि ठसठशीत विधानाला आधार द्यायला उतारा पुरत नाही. तिच्या विज्ञानाच्या पॅसेजमधल्या विसरलेल्या चुका नेमक्या इथल्या होत्या. विषय येतो म्हणून ती उताऱ्याच्या बाहेर जाऊन उत्तर आणत होती. म्हणजे "विज्ञान बरं आहे" हा जो निष्कर्ष तिने काढला होता तो बरोबर उलटा होता.

चौथा, "खालीलपैकी कोणती परिस्थिती उताऱ्यात वर्णन केलेल्या घटनाक्रमाशी सर्वांत जास्त मिळतीजुळती आहे?" एका ऑप्शनमध्ये प्रवाळ आणि त्यातलं शैवाल होतं, तिने डोळे झाकून तेच घेतलं. बरोबर होता तो हस्तलिखिताचा ऑप्शन: एका अभ्यासकाने दाखवलं की हे हस्तलिखित एका हाताचं नाही, दोन हातांचं आहे, नंतर कोणालातरी तिसरा हात सापडला, आणि तरीही पहिल्याचा शोध महत्त्वाचा राहिला. साम्याच्या प्रश्नात विषय जुळवायचा नसतो, सांगाडा जुळवायचा असतो, आणि विषय जुळणारा ऑप्शन तिथे मुद्दाम ठेवलेला असतो. हे मात्र तिला एका फटक्यात कळलं आणि पुढे फार क्वचित चुकलं, म्हणून यावर जास्त लिहीत नाही.

पाचवा, नवी माहिती दिली तर काय होईल. "समजा नंतर सिद्ध झालं की २०१६ चं यीस्ट म्हणजे नमुन्यात शिरलेली घाण होती, तर लेखकाच्या मुख्य दाव्यावर काय परिणाम होईल?" (हे फक्त सरावासाठी धरून चाललेलं, तसं काही झालंय असं नाही.) ती म्हणाली दावा पडेल. कोणाचा? लेखकाचा. लेखकाचा दावा काय होता? श्वेंडेनरचा गाभा टिकतो. मग यीस्ट गेलं तर गाभा टिकतो की जातो? "...टिकतो. उलट जास्तच टिकतो. मग पडतो तो २०१६ वाल्यांचा." अशा प्रश्नात आधी दावा कोणाचा ते बोट ठेवून ठरवायचं, लेखकाचा, की लेखकाने ज्याचं म्हणणं सांगितलं त्याचा, की त्याच्या विरोधकाचा. उताऱ्यात तीन-तीन आवाज असतात आणि प्रश्न त्यातल्या एकाबद्दलच असतो.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं, आणि मग आम्ही घसरलो.

झालं असं की तिने कुठल्यातरी कोचिंगच्या नोट्समधून प्रश्नप्रकारांचा एक चार्ट मिळवला, सोळा प्रकार, प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळा रंग, उपप्रकार वेगळेच. आणि ती होती अभ्यासू, तिने तो पाठ केला. मीही तेव्हा अडवलं नाही, मला वाटलं ओळखायला मदतच होईल, ही माझी चूक होती. पुढच्या टाईम लावलेल्या सेक्शनमध्ये १२ चुकले, आतापर्यंतचा सगळ्यात वाईट, आणि शेवटच्या पॅसेजचे चार प्रश्न न वाचताच मारलेले. (चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत त्यामुळे मारायचे ते मारायचेच, रिकामं काहीही सोडायचं नाही.) मी तिला स्क्रीन शेअर करून पुढचा पॅसेज मोठ्याने विचार करत सोडवायला लावला, तेव्हा दिसलं. प्रश्न वाचून ती पुटपुटत होती, "हा स्पेसिफिक इन्फरन्स की ऑथर्स व्ह्यू, की डिटेलचा उपप्रकार," आणि पंधरा-वीस सेकंद त्यातच जात होते. नाव सापडलं की चेहरा उजळायचा, आणि मग ती ऑप्शनकडे जायची ती पूर्वीसारखीच, काही न ठरवता. नाव देऊन झालं म्हणजे काम झालं असं मनाला वाटत होतं.

त्या रविवारी आम्ही चार्ट बंद केला. मी तिला सांगितलं की नाव नको, मला फक्त एवढं सांग की हा प्रश्न तुला कुठे पाठवतोय आणि तिथून काय आणायला सांगतोय. परीक्षा घेणारी संस्था, म्हणजे एलसॅक, स्वतः जे प्रकार सांगते ते दहाच्या आसपास आहेत, मुख्य कल्पना, स्पष्ट सांगितलेली माहिती, अनुमान, संदर्भातला शब्दाचा अर्थ, रचना, नव्या परिस्थितीत वापर, तत्त्व, साम्य, लेखकाचा सूर, नव्या माहितीचा परिणाम. पण हातातल्या चाळीस सेकंदांत दहा खणांचं कपाट उघडत बसता येत नाही. म्हणून आम्ही जे उरवलं ते असं. काही प्रश्न सगळ्या उताऱ्यावरून नजर फिरवायला लावतात, तिथे एका परिच्छेदापुरतं खरं असलेलं उत्तर नको. काही एका जागी पाठवतात आणि तिथे काय आहे ते विचारतात, मग त्या जागी जायचंच, आठवणीवर विसंबायचं नाही. काही त्याच जागी पाठवतात पण का ते विचारतात, मग वरची दोन आणि खालची दोन वाक्यं वाचायची, शब्दाचा अर्थ विचारला असेल तरी हेच, कारण डिक्शनरीतला पहिला अर्थ तिथे सापळा म्हणून बसलेला असतो. आणि काही उताऱ्याच्या बाहेर नेतात, साम्य, वापर, नवी माहिती, तिथे आधी सांगाडा किंवा दावा आपल्या शब्दांत बांधून घ्यायचा आणि मगच ऑप्शन उघडायचे. अनुमानाचा प्रश्न यातल्या कशात बसवायचा यावर आमचा वाद झाला, ती म्हणाली तो तर कुठेही पाठवू शकतो, आणि तिचं बरोबर होतं, काही अनुमानं एका ओळीवर उभी असतात, काही दोन लांबच्या परिच्छेदांना जोडून येतात. शेवटी त्याच्यासाठी आम्ही जागा सोडून दिली आणि फक्त प्रमाण ठरवलं, की बोट ठेवून ओळ दाखवता आली पाहिजे, नाहीतर ऑप्शन बाद.

स्टेममधले काही शब्द मात्र पाठच हवेत, ते ओळखीच्या माणसासारखे दिसले पाहिजेत. "अकॉर्डिंग टू द पॅसेज" किंवा "द पॅसेज स्टेट्स" म्हणजे उताऱ्यात छापलेलं आहे, जा आणि शोध. "सजेस्ट्स", "इम्प्लाइज", "मोस्ट स्ट्राँगली सपोर्ट्स" म्हणजे छापलेलं नाही पण आधार आहे. "इन ऑर्डर टू", "सर्व्ह्स टू", "फंक्शन" म्हणजे का. "इफ ट्रू" दिसलं की ऑप्शनमधलं विधान खरं धरायचं, ते उताऱ्यात शोधत बसायचं नाही, हे भाची दोनदा करत होती. मुख्य मुद्दा आणि मुख्य उद्देश हे दोन वेगळे आहेत हे ऑप्शनवरूनही कळतं, मुद्द्याचे ऑप्शन पूर्ण विधानं असतात आणि उद्देशाचे क्रियापदाने सुरू होतात, टू डिफेंड, टू डिस्क्राइब, टू क्रिटिसाइज, आणि तिथे निम्मे ऑप्शन नुसत्या क्रियापदावर उडतात, लेखकाने कुठेच टीका केलेली नसेल तर क्रिटिसाइज पुढचं वाचायचीही गरज नाही. आणि कॅपिटलमधलं एक्सेप्ट, म्हणजे 'हे सोडून'. त्यात चार बरोबर असतात आणि एक नसतं, भाची त्या एकाला शोधायला जायची आणि मधेच प्रश्न विसरून पहिलं बरोबर दिसलेलं मारायची. तिला मी सांगितलं चारांना आधार शोध आणि त्यांना काट, उरेल ते उत्तर. वेळ जास्त लागतो, पण तिथे तो लागू द्यावा.

जोडपॅसेजला तिची वेगळीच भीती होती. आठवड्यातला एक दिवस फक्त त्यालाच दिला. तिथे प्रश्न कुठे पाठवतोय हे आणखी कडक बघावं लागतं, फक्त पहिल्यात, फक्त दुसऱ्यात, दोन्हींत, की एकाचा लेखक दुसऱ्याला काय म्हणेल. "दोन्ही लेखक कशावर सहमत" याचा सापळा ठरलेला असतो, एकाने ठासून म्हटलेलं आणि दुसऱ्याने उल्लेखही न केलेलं. मी तिला अशा प्रश्नात आधी जो उतारा कमी बोलतो त्यावर ऑप्शन तपासायला लावले, कारण तिथे पटकन गळती होते. एवढ्यानेच तिची भीती बरीच उतरली.

आकडे सांगते. सुरुवातीला तीन सेक्शनमध्ये १०, ९, ११ चुका. काय-का नंतर ८. चार्टच्या आठवड्यात १२. चार्ट बंद केल्यावर ९, मग ७, मग ५, मग परत ७, आणि परीक्षेच्या आधीच्या दोन सेक्शनमध्ये ५ आणि ६. सगळं मिळून अकरा आठवडे. रेघ सरळ वर गेलेली नाही, आणि मला ते ५ नंतरचं ७ महत्त्वाचं वाटतं कारण तेव्हा ती परत रडकुंडीला आली होती आणि आम्ही दोघींनी शांतपणे त्या सात चुका उघडल्या तर त्यात 'का' ची एकही नव्हती. जुनी चूक गेली होती, नव्या दिसायला लागल्या होत्या.

त्या नव्यांमध्ये ठळक होता लेखकाचा सूर. लेखक अमुक गोष्टीकडे कसा बघतो, पूर्ण पाठिंबा, सावध पाठिंबा, तटस्थ, साशंक. भाचीला टोकाची उत्तरं आवडायची. लायकेनच्या उताऱ्यावर परत गेलो आणि मी विचारलं लेखकाचा २०१६ च्या शोधाकडे बघण्याचा सूर काय. म्हणाली, "नापसंती, कारण तो श्वेंडेनरच्या बाजूचा आहे." मी म्हटलं ओळ दाखव. तिने सगळा उतारा दोनदा वाचला. नापसंतीची ओळ नव्हती. होतं ते फक्त "घाई करू नये," आणि घाई करू नये हे शोधाबद्दल नाहीच, शोधावरून निष्कर्ष काढणाऱ्यांबद्दल आहे. शोध तर लेखकाने "दाखवलं" असं म्हणून मान्यच केलाय. दाखवलं आणि दावा केला यात केवढा फरक आहे, आणि सूर हा असा एखाद्या क्रियापदात, एखाद्या 'मात्र' मध्ये, 'तथाकथित' मध्ये लपलेला असतो. त्यानंतर ती वाचतानाच अशा शब्दांना स्क्रीनवरच्या हायलायटरने रंग द्यायला लागली, आणि बाकी सगळा हायलायटर बंद केला, आधी ती निम्मा पॅसेज पिवळा करायची.

सूर तिचा परीक्षेपर्यंत पूर्ण सुधारला नाही, शेवटच्या दोन सेक्शनमधल्या अकरा चुकांपैकी चार त्याच होत्या. वेळ असता तर पुढचे दोन आठवडे मी फक्त त्यावर घालवले असते.

परीक्षेचा स्कोअर एकत्रच येतो, त्यामुळे रीडिंगमध्ये किती चुकलं हे आम्हाला कधीच कळणार नाही. एकूण आकडा तिच्या पहिल्या प्रॅक्टिस टेस्टपेक्षा नऊने वर होता, आणि त्यात लॉजिकल रीझनिंगचाही वाटा आहे, सगळं श्रेय इथल्या कामाला देणं बरोबर होणार नाही. स्कोअर आला त्या दिवशी तिने फोन केला आणि आकड्याच्या आधी दुसरंच सांगितलं. म्हणाली, "मावशी, तिसऱ्या पॅसेजला एक प्रश्न होता, ऑथर हे उदाहरण का देतो, आणि पहिलाच ऑप्शन उदाहरण जसंच्या तसं परत सांगत होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि म्हटलं, तू काय आहेस, मला का हवाय." पॅसेज कशावर होता हे मी तिला विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही, ते बाहेर सांगायचं नसतं.

तिची ती एक्सेल शीट अजून माझ्याकडे आहे. विषयाचा कॉलम तिने कधीतरी डिलीट करून टाकलाय, स्टेमचा आहे, आणि त्याच्या शेजारी एक नवीन, "कुठे पाठवतोय," त्यात एका-दोन शब्दांत उत्तरं: सगळा, परिच्छेद ३ काय, परिच्छेद ३ का, बाहेर, बी फक्त (म्हणजे जोडपॅसेजमधला दुसरा उतारा). आता तिची धाकटी बहीण तीच शीट कोरी करून भरतेय, तिची परीक्षा अजून दीड वर्ष लांब आहे, आणि तिच्या पहिल्या वीस चुकांमध्ये 'का' च्या फक्त दोन आहेत. तिची गाडी एक्सेप्टवर अडकते.